थंडीत पहाटे डिझेल गाडी लवकर चालू होत नाही : बॅटरी, फिल्टर, हीटर प्लग बदलूनही तक्रार कायम

पहाटपाळी | सोमवार, रात्री ९.१०

माझी गाडी चार सिलिंडरची, १.५ लिटरची कॉमन रेल डिझेल आहे; म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या चारही इंजेक्टरना ते एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) मिळते. तिला नऊ वर्षे झाली असून ती १,४२,००० किलोमीटर धावली आहे. मला रोज पहाटे साडेचारला निघावे लागते. तापमान १० अंशांच्या वर असते तोवर काहीच तक्रार नसते. ते ६-७ अंशांवर उतरले की दिवसातल्या पहिल्या वेळी आठ ते दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन पकडते, पकडल्यावर अर्धा मिनिट थरथरते आणि मागे पांढरा धूर सोडते. एकदा गरम झाले की मात्र दिवसभर किल्ली फिरवताच चालू होते.

गेल्या तीन आठवड्यांत आधी बॅटरी नवी घातली, मग डिझेल फिल्टर बदलला आणि अखेरीस चारही हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग, बदलले. बॅटरीने सेल्फ जोरात फिरू लागला, एवढाच फरक पडला. फिल्टर बदलल्यानंतर तर त्रास किंचित वाढला असे मला वाटते, पण त्याच आठवड्यात थंडीही वाढली असल्याने खात्रीने सांगता येत नाही. गाडी गॅरेजमध्ये दुपारी पोहोचते आणि दुपारी ती शहाण्यासारखी वागते, त्यामुळे तक्रार तेथे कुणाला दिसतच नाही. आता इंजेक्टर उतरवून तपासणीस पाठवावे असा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि मोबाइलला जोडता येणारा छोटा स्कॅनरही आहे.

खटपट्या | सोमवार, रात्री ९.४०

हवेच्या फिल्टरच्या नळीत इथरचा फवारा थोडासा मारून पाहावा. इंजिन लगेच पकडले तर दोष डिझेलच्या पुरवठ्यात आहे, हे सिद्ध होते. आमच्याकडील जुन्या पंपसेटला आम्ही हेच करत असू.

तेलकट_हात | सोमवार, रात्री १०.१५

खटपट्या, हा सल्ला येथे कृपया कुणी अमलात आणू नये. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत तेथे इथर आत जाताच प्लगच्या लालबुंद टोकावर, म्हणजे पिस्टन अजून वर येत असतानाच, पेट घेतो. त्या अवेळी स्फोटाने पिस्टनची रिंग तुटते किंवा प्लगचे टोक मोडून सिलिंडरमध्ये पडते. आपल्या पंपसेटला हीटर प्लग नसावेत, म्हणून तो टिकला.

पहाटपाळी, आपण नवीन भाग घालण्याचे तूर्त थांबवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण चौदा ते बावीस पट दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत ती हवा मुळात गार असते आणि दाबताना तयार झालेली उष्णता गार धातू शोषून घेतो. म्हणून थंडीत चालू होण्यासाठी इंजिन पुरेसे वेगाने फिरले पाहिजे, डिझेल पुरेशा दाबाने वेळेवर आत आले पाहिजे आणि हवा पेटण्याइतकी तापली पाहिजे. या तिहींपैकी नेमके काय कमी पडते, ते धूर आपल्याला फुकटात सांगतो. सेल्फ मारताना धूर अजिबात नसेल तर डिझेल आत पोहोचतच नाही. डिझेलचा उग्र वास असलेला पांढरा धूर असेल तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही.

आपण पांढरा धूर लिहिला आहे, पण सेल्फ मारतानाच तो येतो का आणि नेमका केव्हा, ते लिहिलेले नाही. उद्या पहाटे मोबाइल सायलेन्सरसमोर ठेवून चित्रीकरण करा. आवाजही नोंदला जाईल, म्हणजे सेल्फ सुरू झाल्यापासून धुराचा पहिला झोत येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजता येईल. त्याच वेळी स्कॅनरवर कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इंजिनचा वेग आणि रेलमधील दाब हे चार आकडे नोंदवा.

काठावरचा | सोमवार, रात्री १०.५०

थंडीत डिझेल गोठल्याने असे होत नसेल काय?

तेलकट_हात | सोमवार, रात्री ११.०५

डिझेलमधील मेण थंडीत स्फटिकरूपाने वेगळे होऊन फिल्टरच्या कागदावर बसते हे खरे आहे. त्यामुळेच युरोपातील ईएन ५९० या मानकात समशीतोष्ण हवामानासाठीच्या डिझेलचे, फिल्टर तुंबण्याच्या मर्यादेनुसार, +५ ते −२० अंश असे सहा वर्ग केलेले आहेत. परंतु मेणाचा त्रास वेगळ्या चालीने येतो. गाडी बहुधा नीट चालू होते, कारण फिल्टरच्या पुढच्या नळीत आणि पंपात थोडे स्वच्छ डिझेल शिल्लक असते. ते संपले की काही मिनिटांत, रस्त्यावर, ओढ कमी होऊन ती बंद पडते. येथे नेमके उलट घडते आहे. पहिली दहा सेकंदेच अवघड आहेत आणि पुढे सर्व सुरळीत आहे. आणखी एक सांगून ठेवतो, की मेणावर उपाय म्हणून टाकीत रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याची जुनी रीत कॉमन रेल गाडीत वापरू नये. तिचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

पहाटपाळी | मंगळवार, पहाटे ५.२०

कामावर पोहोचताच लिहीत आहे. बाहेरचे तापमान ६ अंश होते. सेल्फ मारण्यापूर्वी कूलंट ७ अंश आणि आतली हवा ७ अंश दिसली. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब १०.३ व्होल्टपर्यंत उतरला आणि इंजिनचा वेग मिनिटाला सुमारे २१० फेरे होता.

चित्रीकरण दोनदा पाहिले. पहिली चार सेकंदे सायलेन्सरमधून काहीच येत नाही. त्यानंतर पांढरा धूर सुरू होतो, पण इंजिन पकडत नाही, फक्त मध्येच एखादा ठोका देते. नवव्या सेकंदाला ते कसेबसे पकडले. रेलचा दाब दोन सेकंदांनी ८० बार आणि साडेचार सेकंदांनी २३० बार होता. हे आकडे चांगले की वाईट, ते मला समजत नाही.

तेलकट_हात | मंगळवार, सकाळी ८.३०

आकडे फार बोलके आहेत. क्रमाने पाहू.

फिरण्याचा वेग उत्तम आहे आणि बॅटरी १० व्होल्टच्या वर टिकते आहे, म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्या जाड तारा यांना आता विसरावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट, आतली हवा आणि बाहेरची हवा यांची तापमाने दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळली पाहिजेत. ती जुळतात, म्हणजे तापमानाचा सेन्सर इंजिनच्या संगणकाची दिशाभूल करत नाही. वेगाचा आकडा दिसतो, म्हणून क्रँकचा सेन्सरही जिवंत आहे.

आता दाब पाहा. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत रेलमध्ये साधारण २०० ते २५० बार झाल्याखेरीज संगणक इंजेक्टर उघडतच नाही, आणि निरोगी गाडी ही पातळी एक-दीड सेकंदात गाठते. आपल्या गाडीला साडेचार सेकंद लागतात आणि धूरही तेव्हाच दिसू लागतो. म्हणजे आपली नऊ सेकंदे एकाच दोषाची नाहीत. पहिली चार दाब न तयार झाल्याने गेली आणि पुढची पाच डिझेल येऊनही न पेटल्याने गेली.

याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट आहे. कॉमन रेलचे निरोगी इंजिन ६ अंशांना हीटर प्लग अजिबात न तापताही, थोडे कुरकुरत का होईना, चालू होते. त्यामुळे एकट्या हीटर प्लगच्या माथी ही सगळी नऊ सेकंदे मारता येत नाहीत. माझ्या मते येथे दोन किरकोळ दोष एकमेकांच्या आड लपले आहेत. एकटा कोणताही असता तर आपण तो कदाचित चालवून घेतला असता. कोणताही एक भाग बदलून तक्रार जात नाही, याचे कारणही हेच असावे.

सेल्फ फिरताना ठोक्यांची लय एकसारखी ऐकू येते का, तेवढे पुन्हा एकदा ऐका. लयीत एखादा ठोका सैल पडत असेल तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा पुरेशी दाबण्याची ताकद, गेले आहे. चारही सारखेच उतरले असतील तर ते कानाला कळणार नाही, म्हणून कॉम्प्रेशनची शंका मी पूर्ण सोडत नाही; पण ती शेवटी घेऊ.

ओहम_शोधक | मंगळवार, सकाळी १०.००

दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे न पेटण्याबद्दल, मी विचारतो. नवे प्लग घातल्यावर त्यांच्यापर्यंत वीज पोहोचते का, हे गॅरेजमध्ये कसे तपासले? तार काढून मोकळ्या टोकावर मीटर लावला असेल तर त्या तपासणीला काही अर्थ नाही.

पहाटपाळी | मंगळवार, दुपारी १.१५

ठोक्यांची लय एकसारखी आहे. प्लगची तपासणी माझ्यासमोरच झाली होती. तार काढून मीटर लावला तेव्हा १२.३ व्होल्ट दाखवले आणि रिले, म्हणजे प्लगना वीज जोडणारा स्विच, ठीक असल्याचे सांगण्यात आले. डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवाही नेहमीप्रमाणे लागतो आणि विझतो.

ओहम_शोधक | मंगळवार, दुपारी २.००

तो दिवा संगणक तापमान पाहून ठरावीक वेळ लावतो. साध्या रिलेच्या गाड्यांत प्लग खरोखर तापले की नाही, याची त्याला काही खबर नसते.

मोकळ्या तारेवरील १२.३ व्होल्टचेही तसेच आहे. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे वाटेत गंजलेला, अर्धवट टेकलेला सांधा असला तरी दाब पूर्ण दिसतो. नळाची तोटी बंद असताना पाइप कितीही तुंबलेला असला तरी पाण्याचा दाब पुरेपूरच भरतो, तसा हा प्रकार आहे. तोटी उघडल्यावर, म्हणजे प्लग जोडलेले असताना, मोजले पाहिजे.

त्याआधी प्लगवर कोरलेला आकडा पाहा. ११ किंवा १२ व्होल्ट असेल तर पुढील तपासणी करा. ४.४, ५ किंवा ७ व्होल्ट असेल तर त्यांना संगणक तुकड्यातुकड्याने वीज देतो; असे प्लग थेट बॅटरीला लावून पाहण्याचा मोह झाला तर ते काही क्षणांत जळतात.

सायंकाळी इंजिन थंड असताना कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून, सर्व काही जोडलेले ठेवून, प्लगच्या डोक्यावर आणि इंजिनच्या धातूवर मीटर लावा. बॅटरीच्या दाबापेक्षा तेथे एखादा व्होल्ट कमी दिसला तर चालेल. त्याहून कमी असेल तर वाटेवर टप्प्याटप्प्याने मोजत जा. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत, फ्यूजच्या दोन टोकांत, रिलेच्या आत आणि रिलेपासून प्लगपर्यंत किती व्होल्ट गळतात ते लिहा.

जुनी_नवलाई | मंगळवार, दुपारी ४.३०

माझ्याही गाडीची पहाटे अशीच तक्रार असून हा धागा वाचून मी स्कॅनर लावला. बाहेर ९ अंश असताना कूलंट ६२ अंश दाखवतो. गाडी चौदा तास उभी होती. पिवळा दिवा तर लागतच नाही.

तेलकट_हात | मंगळवार, सायंकाळी ५.१०

आपले काम सोपे आहे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याच्या तारेचा जोड खराब झाला आहे. इंजिन गरम आहे असे समजून संगणक हीटर प्लग लावत नाही आणि थंड इंजिनाला लागणारे जादा डिझेलही देत नाही. आधी जोड काढून स्वच्छ करा, त्याने भागले नाही तर सेन्सर बदला.

पहाटपाळी | मंगळवार, रात्री ८.४५

प्लगवर ११ व्होल्ट कोरलेले आहे. बाजूला किल्ली फिरवायला मुलाला बसवले होते.

सर्व जोडलेले असताना बॅटरीवर ११.७ आणि प्लगवर अवघे ६.१ व्होल्ट! गळती अशी : बॅटरी ते फ्यूज ०.१, फ्यूजमध्ये ०.१, रिलेच्या आत ०.२, रिलेच्या बाहेर पडणाऱ्या पिनपासून तारेपर्यंत ४.९, पुढच्या तारेत ०.२ आणि अर्थिंगमध्ये ०.१.

रिले उपसून पाहिला. त्याच्या एका चपट्या पिनेवर निळसर-काळी झाक आली आहे आणि तिच्या खालच्या सॉकेटचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन कडेने वितळले आहे. आतली पितळी पकड इतकी सैल झाली आहे की पिन तिच्यात नुसती टेकते. वरून पाहिले असता काहीही दिसत नव्हते.

ओहम_शोधक | मंगळवार, रात्री ९.२०

सापडले. या आकड्यांचा अर्थ असा, की प्लगला जवळपास निम्मा दाब मिळत होता; आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्मी न होता साधारण पाव झाली होती. उरलेला ताप त्या सैल सांध्यात खर्च होत होता, म्हणून तर प्लॅस्टिक भाजले. नव्या प्लगनाही तेच भोगावे लागले. जुने चार प्लग जपून ठेवले असतील तर मोजून पाहा. प्रत्येकी ०.५ ते १.५ ओहम आले तर ते चांगलेच होते.

पिन घासून पुन्हा बसवू नका. पकडीचा ताण गेला आहे, ती दोन आठवड्यांत पुन्हा तापेल. सॉकेटमधील ती पकड आणि तारेचा तेवढा जळका तुकडा कापून, तेवढ्याच जाडीची तार घेऊन, दाबून बसवलेली नवी पकड लावा. चार थंड प्लग मिळून सुरुवातीला ६०-७० अँपिअर ओढतात, त्यामुळे बारीक तार आणि चिकटपट्टी येथे चालणार नाही.

पहाटपाळी | बुधवार, पहाटे ५.३०

पकड अजून बसवलेली नाही, ती सायंकाळी बसवेन. मात्र रात्री मनात आले म्हणून गाडी उतारावर तोंड खाली करून उभी केली होती. आज रेलचा दाब दोन सेकंदांत २४० झाला आणि इंजिन सहाव्या सेकंदाला पकडले. हा योगायोग आहे काय?

तेलकट_हात | बुधवार, सकाळी ८.००

योगायोग नाही. मी आज तेच करायला सांगणार होतो. किल्ली फिरवल्यावर टाकीतून पंपाची घरघर ऐकू येते का? येत नसेल तर आपल्या गाडीत इंजिनवरचाच पंप डिझेल ओढून घेतो आणि फिल्टरपर्यंतची सारी वाट शोषणाखाली असते. अशा वाटेवर बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली डाग पडत नाही आणि कुणाला शंका येत नाही. रात्रभरात हवा शिरते, डिझेल टाकीकडे परतते आणि पहाटे पंपाला आधी ती हवा संपवावी लागते. तोंड खाली असताना टाकी वर राहते, म्हणून डिझेल मागे गेले नाही.

आपण पहिल्याच दिवशी लिहिले होते, की फिल्टर बदलल्यावर त्रास वाढला. ते वाक्य मी तेव्हा घाईत वाचले. फिल्टरच्या भांड्याची ओ रिंग आणि नळ्यांचे वायसर यांकडे आता पाहा. ओ रिंगचे रबर गारठ्यात ताठ होऊन आकसते, दुपारी मऊ होऊन पुन्हा बसते.

खात्रीसाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून बुडबुडे पाहा. हे सारे कमी दाबाच्या बाजूलाच करावे. पंपापासून रेल आणि इंजेक्टरपर्यंतच्या धातूच्या नळ्यांना इंजिन चालू असताना स्पॅनर लावू नये. तेथील दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते.

काठावरचा | बुधवार, सकाळी ९.२५

दाब उशिरा तयार होण्याला झिजलेले इंजेक्टरही कारणीभूत असू शकतात ना? ते डिझेल परतीच्या नळीने सोडून देतात असे वाचले आहे.

तेलकट_हात | बुधवार, सकाळी ९.५०

बरोबर आहे, आणि त्याची परीक्षाही सोपी आहे. चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून कोणती लवकर भरते ते पाहतात. परंतु झिजलेला इंजेक्टर गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहून झिजत नाही. उताराने फरक पडला, म्हणून आधी हवा शोधू.

पहाटपाळी | गुरुवार, रात्री ९.००

टाकीतून घरघर येत नाही. पारदर्शक नळीत सेल्फ मारताच पहिल्यांदा तीन-चार इंच लांब हवेचा तुकडा सरकत गेला आणि त्यामागे सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे येत राहिले. फिल्टरचे भांडे उघडले तेव्हा आत जुनीच ओ रिंग निघाली. ती चपटी झाली आहे आणि एका ठिकाणी नखाएवढा भाग पिळवटून खोबणीच्या बाहेर आला आहे. नव्या फिल्टरच्या खोक्यात नवी ओ रिंग येते. ती त्यांनी घातली नाही आणि खोके टाकून दिले असावे.

नवी ओ रिंग डिझेलचे बोट लावून बसवली, हाताच्या पंपाने हवा काढली आणि रिलेच्या सॉकेटची पकडही बदलून घेतली. आता प्लगवर १०.९ व्होल्ट येतात. जुने चार प्लग मोजले; ०.७, ०.७, ०.८ आणि ०.७ ओहम.

पहाटपाळी | शुक्रवार, पहाटे ५.१०

बाहेर ५ अंश होते आणि गाडी मुद्दाम चढावर तोंड वर करून उभी केली होती. रेलचा दाब १.२ सेकंदांत २५० झाला. इंजिनने दुसऱ्या सेकंदाच्या आत पकडले. धूर फक्त एकदा, हलकासा. थरथर नाही.

ओहम_शोधक | शुक्रवार, सकाळी ९.००

चढावर इतक्या लवकर दाब आला आणि इंजिननेही लगेच पकडले, म्हणजे इंजेक्टरही संशयातून सुटले आणि कॉम्प्रेशनही. आठवडाभराने रिले उपसून ती पिन एकदा हाताने चाचपून पाहा. प्लग तापवल्यावर सांधा कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर पकड पुन्हा घट्ट करून घ्यावी लागेल.

पहाटपाळी | शुक्रवार, रात्री ८.३०

अवश्य पाहीन आणि येथे कळवीन. इंजेक्टरसाठी घेतलेली सोमवारची वेळ रद्द केली आहे.